पाना फिरायला जागा

हळदीचा हंगाम आला, की आमच्या शिरड शहापुरात दोन वास एकदम सुटतात. एक शिजत्या हळदीचा आणि दुसरा जळक्या ऑइलचा. पहिल्याचं कौतुक सगळ्यांना. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर त्या वासाला कागदोपत्री इज्जत आली आहे. दुसऱ्याचं नाव कुणी काढत नाही. पण बॉयलर, पॉलिशचा ड्रम, ट्रॅक्टर, ट्रॉली यांतलं काही एक बसलं, की हळद शेतातच राहते आणि मग रस्त्याकडेच्या गॅरेजात मालक, गडी आणि बघे असे तिघंही जमतात. मी तिसऱ्या वर्गातला. मास्तरकीतून निवृत्त झालेल्या माणसाला दुपारी कुठंतरी टेकायला लागतं. मल्लिनाथाच्या मंदिरात जाऊन बसलं, तर लोकांना वाटतं मास्तर विरक्तीला लागले. गॅरेजात बसलं तर चहा येतो.

गॅरेजच्या मालकाला सगळं गाव उस्ताद म्हणतं. उस्तादांची आणि माझी ओळख मुख्यतः त्यांच्या पायांशी. कारण कमरेपासून वरचे उस्ताद बहुधा कशाच्या ना कशाच्या खाली असतात. डोकं यंत्राखाली गेलं, की माणसाचं बोलणं फार मोकळं होतं. परवा पॉलिशच्या ड्रमाखालून आवाज आला, "सर, हे ज्यानं बनवलं ना, त्याला एकदा हितं उताणं झोपवायला पाहिजे. मंग कळंल त्याला."

निमित्त एका नटाचं होतं. यंत्र कुठलंही घ्या, त्यात असा एक नट असतोच. बाकीचे समोर, उजेडात, शहाण्यासारखे बसलेले असतात. हा मात्र अँगलच्या मागं आणि पाइपाच्या आडोशाला. बोटांना लागतो तेव्हा दिसत नाही, दिसतो तेव्हा बोटं पोचत नाहीत. गोटी पाना बसवायला वर जागा नाही. रिंग पाना आत जातो, पण फिरत नाही. उरतो साधा दुतोंडी पाना. तो कसाबसा लागतो, बोटभर फिरतो आणि अडतो. मग काढायचा, पालथा करायचा, पुन्हा लावायचा, पुन्हा बोटभर. संसारी माणसाला याहून अधिक तपश्चर्या सांगायची गरज नाही.

हा दुतोंडी पाना हातात घेऊन नीट न्याहाळावा. त्याचं तोंड दांड्याच्या रेषेत नसतं, पंधरा अंशांनी वाकडं असतं. ओतकामात चूक झाली असावी असं वाटतं, पण तसं मुळीच नाही. नटाला सहा बाजू. सरळ तोंडाचा पाना पुन्हा पकडायचा, तर साठ अंशांचा फेरा मोकळा लागतो. तोंड वाकडं असलं आणि पाना दर खेपेला उलटत गेलं, की तीस अंशांत काम भागतं. म्हणजे अडचणीत सापडलेल्या हाताचा विचार करणारा एक तरी माणूस जगात होऊन गेला. तो पान्याच्या कारखान्यात होता, ड्रमाच्या कारखान्यात नव्हता, एवढंच आमचं दुर्दैव.

कारण नकाशा काढणाऱ्याची जात वेगळी आणि पाना फिरवणाऱ्याची वेगळी. नकाशात बोल्ट म्हणजे दोन रेघा आणि मधून जाणारी एक तुटक रेघ. तो बोल्ट आवळणारा हात तिथं काढायची पद्धत नाही. कोपर तर नाहीच नाही. नकाशावाला यंत्र पुरं झालेलं बघतो, पानावाल्याला ते नेहमी अर्धवट उघडं, तेलकट आणि डोक्यावर लोंबकळतं भेटतं. त्यामुळं पानावाल्यानं नकाशावाल्याला शिव्या घालाव्यात, ही रीत जगभर मान्य आहे. तिच्यानं नट फिरत नाही, पण हाताला दम मिळतो.

पण नकाशा काढणारा आणि पाना फिरवणारा एकच असला तर?

हा प्रश्न मला पडला तो कॅप्टन अमोल यादवांमुळं. हे तेव्हा जेट एअरवेजमध्ये वैमानिक होते. कांदिवलीच्या चारकोपमध्ये आपल्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचं विमान बांधलं. मुंबईत गच्चीवर माणसं पापड वाळत घालतात, पाण्याची टाकी किती भरली ते बघायला जातात, फार तर कोजागरीचं दूध आटवतात. तिथं हे विमान. इमारतीला लिफ्ट नव्हती, म्हणून सामान जिन्यानं वर चढलं. २०१६च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया' सप्ताह भरला, तेव्हा हे विमान तिथं मांडायचं ठरलं. आता गच्चीवरून विमान उडवत नेता येत नाही. ते सुटं केलं, क्रेननं खाली उतरवलं आणि मैदानात नेऊन पुन्हा जोडलं.

लोकांना त्यात क्रेन दिसली. गॅरेजात बसून बसून माझी नजर बिघडलेली. मला 'सुटं केलं' एवढेच दोन शब्द दिसले. म्हणजे जीव खाऊन आवळलेले नट पुन्हा सैल करायचे आणि परक्या मैदानात, बघ्यांच्या गर्दीत, पुन्हा आवळायचे. पुढं परवानगीच्या कागदांनी वर्षं खाल्ली. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये विमानाची नोंदणी झाली आणि २०२०च्या ऑगस्टमध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडालं. आपल्याकडं चौपाटीवरच्या विमानाची गोष्ट जास्त चवीनं सांगतात. शिवकर बापूजी तळपद्यांचं ते विमान १८९५ साली उडालं, असं म्हणतात. त्या गोष्टीत पारा आहे, वेद आहेत, राजेरजवाडे आहेत. नट कुणी आवळले, याचा मात्र कुठं पत्ता नाही. ज्या विमानाच्या गोष्टीत नटाचा त्रास नाही, त्या विमानावर माझा विश्वास बसायला वेळ लागतो. चारकोपच्या विमानावर लगेच बसला.

हे सगळं मी उस्तादांना सांगितलं. ड्रमाखालचे पाय हलायचे थांबले. थोड्या वेळानं प्रश्न आला, "म्हंजे बनवणारा बी त्योच आन् खाली झोपणारा बी त्योच?"

"हो."

"मंग सर, शिव्या कोणाला घातल्या असतील?"

घरी विमान बांधणाऱ्याचं सगळं दुःख या एका प्रश्नात आलं. रात्री दिव्याखाली बसून त्यानं मोठ्या ऐटीत एक ब्रॅकेट काढलेलं असतं. वजन वाचावं म्हणून ते फ्रेमच्या अगदी अंगालगत घेतलेलं असतं. सकाळी तोच माणूस पाठीवर पडून त्या ब्रॅकेटमागं बोटं खुपसतो, तेव्हा कळतं, की रात्रीच्या शहाण्यानं सकाळच्या मजुराला विचारलंच नव्हतं. भांडायला दोघं हवेत, इथं एकच. रुसून घरी जावं, तर विमान घरीच.

यात सर्वांत छळणारे बोल्ट चाकांचे. विमानाचं पोट आणि चाकाचा पाय जिथं जुळतात, तिथं सगळ्यांनाच यायचं असतं. तिथूनच ब्रेकची नळी जाते, तिथंच पायाखालची पॅडल, तिथंच तळाचा पत्रा, आणि भार घ्यायचा म्हणून फ्रेमही तिथंच सगळ्यांत जाड. राइट बंधूंनी ही कटकट शिताफीनं टाळली होती. १९०३च्या त्यांच्या विमानाला चाकंच नव्हती. रुळावरच्या गाड्यावर ठेवून ते सोडलं आणि लाकडी घसरपट्ट्यांवर वाळूत उतरवलं. सायकलींचं दुकान चालवणारी दोन माणसं विमान बांधतात आणि त्याला चाक लावत नाहीत, यामागं रोजच्या पंक्चरांचा वैताग असावा, असा माझा खासगी तर्क आहे. पुढच्यांना मात्र चाकं लावावीच लागली, आणि चाकांबरोबर बोल्ट आले.

हवेत असताना चाकं म्हणजे नुसतं ओझं. त्यांचं सगळं काम सुरुवातीच्या आणि शेवटच्या काही क्षणांचं. पण त्या शेवटच्या क्षणी सगळं विमान, माणसं, सामान आणि वैमानिकाच्या अंदाजातली चूक हे सगळं त्या बोल्टांवर येऊन आदळतं. उतरणं साधलं नाही, तर विमान बेडकासारखं उड्या मारतं, आणि एकेका उडीचा हिशेब बोल्ट देतात.

अमेरिकेत घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना १९५३ सालापासून आहे आणि पेटीत भरून येणाऱ्या विमानांचा तिकडं मोठा धंदा आहे. त्यातलं आरव्ही-८ हे विमान दिसायला देखणं, पण त्याच्या पुढच्या पायांचे बोल्ट एका अरुंद उभ्या पेटीत बसतात, आणि ती पेटी वैमानिकाच्या पायांपाशी. बोल्टाचं डोकं एका बाजूला, नट दुसऱ्या बाजूला. एकट्याचे हात पुरत नाहीत. एक जण पोटाखाली उताणा, दुसरा केबिनमध्ये पालथा, डोकं खाली आणि पाय आकाशाकडं. दोघांमध्ये पत्रा. मग जे संवाद होतात ते कुठल्याही देशात सारखेच असणार.

"धरलं का?"

"धरलं."

"फिरवू?"

"फिरव."

"फिरलं का?"

"माझ्याकडं काहीच फिरलं नाही."

"मग मी काय फिरवतोय?"

असल्या जागी वॉशर बोटावरून निसटतो आणि विमानाच्या पोटात कुठंतरी टिंग् असा आवाज करून नाहीसा होतो. ट्रॅक्टरमधून वॉशर पडला तर जमिनीवर पडतो. नाही सापडला तर दुसरा घालतात आणि पुढचा चहा येतो. विमानात पडलेला वॉशर सापडेपर्यंत चहा नाही. तो आत फिरत फिरत उद्या कुठल्या दोरीत, कप्पीत अडकेल याचा नेम नाही. म्हणून शहाणी माणसं वॉशरला दोरा बांधून आत सोडतात, नट ग्रीसनं बोटाच्या टोकाला चिकटवतात, चांगला नवा पाना सहाणेवर घासून पातळ करतात, नाहीतर तापवून वाकवतात. उस्तादांकडं असा एक पाना आहे. निम्मा कापलेला, मान मोडलेला, तोंड एकीकडं आणि दांडा भलतीकडं. अनोळखी माणसाला तो भंगारात टाकावासा वाटेल. उस्ताद तो कुणाला उसना देत नाहीत. ट्रॅक्टरच्या एका ठरावीक नटासाठीच तो जन्माला आला आहे आणि वर्षभर भिंतीवर लटकून त्या नटाची वाट बघतो.

बारीक हाताचं माणूस हाही या कामातला अवजाराइतकाच मोलाचा ऐवज. उस्तादांचा भाचा आयटीआयला आहे, कॉलेज सुटलं की गॅरेजात येतो. अंगानं सडपातळ. उस्तादांचा पंजा जिथं मनगटाशी अडतो, तिथं याचा हात कोपरापर्यंत जातो. "खाऊ नको जास्त, जाड होशील," असं धाकट्याला बजावणारा मामा मी दुसरा पाहिलेला नाही. अमेरिकेतही शेपटीच्या नळीत शिरायला मुलांनाच बोलावतात म्हणे. तिथंही बापांची पोटं विमानाआधी तयार झालेली असतात.

आता नट लागला. पण किती आवळायचा? आमच्याकडं याची दोन मापं चालतात. एक 'हातानं' आणि दुसरं 'जीव जाईस्तोवर'. विमानवाल्यांकडं तक्ता असतो. पाव इंच जाडीच्या साध्या विमानी बोल्टाला ५० ते ७० इंच-पाउंड. हा आकडा मोठा वाटतो, पण फूटभर पान्याच्या टोकाला सव्वादोन-अडीच किलोचं ओझं टांगलं तर एवढंच बळ लागतं. म्हणजे साखरेच्या पिशवीपुरतं. उस्तादांना हे मुळीच पटलं नाही. "विमान हाय का खेळणं?" असं त्यांनी विचारलं. त्यांच्या बळानं पाव इंची बोल्ट आवळला तर आटे शिल्लक राहणार नाहीत, हे मी मनातच ठेवलं.

यात गंमत अशी, की बोल्ट हा खिळ्यासारखा नुसता आडवा उभा नसतो. आवळला, की तो केसभर ताणतो, आणि ताणलेला बोल्ट दोन्ही तुकडे ओढून एकजीव धरतो. बाजेची सुतळी ताठ असेल तर वर्षानुवर्षं टिकते, सैल पडली की घासून घासून तुटते. त्यातलाच हा प्रकार. नीट ताणलेल्या बोल्टाला बाहेरचे हिसके फारसे जाणवतच नाहीत, सैल बोल्ट मात्र प्रत्येक हिसका अंगावर घेतो आणि एक दिवस थकून तुटतो. जास्त आवळला तर आवळतानाच जखमी. दोन्हींच्या मधली जागा अगदी चिंचोळी, आणि ती हाताला कळते यावर आमच्या गावातल्या प्रत्येक मिस्त्रीची श्रद्धा आहे.

ती जागा दाखवणारा टॉर्कचा पाना असतो. ठरलेलं बळ आलं, की खट् असा आवाज देतो. पण हा पाना लांबलचक, डोकं जाड, आणि आपला नट तर पाइपाच्या मागं. मग टॉर्कच्या पान्याला पुढं एक छोटं उघडं तोंड जोडायचं. ते सरळ पुढं जोडलं तर पाना लांबला, आकडा फसवा झाला, हिशेब नव्याने मांडायचा. तेच तोंड काटकोनात जोडलं तर आकडा आहे तोच. शिवाय स्वतःहून न सुटणारे जे नट असतात, ते आटे चढतानाच कुरकुरतात. त्या कुरकुरीला किती बळ जातं ते आधी मोजून मूळ आकड्यात मिळवायचं. म्हणजे नटाची नाराजी वेगळी मोजायची आणि कामाचं बळ वेगळं. ही पद्धत मला संयुक्त कुटुंबातही उपयोगी वाटते, पण तिथं अजून कुणी खट् वाजणारा पाना काढलेला नाही.

आणखी एक नियम मला फार आवडला. जिथं जमेल तिथं बोल्टाचं डोकं वर किंवा पुढं ठेवायचं आणि नट खाली किंवा मागं. कारण साधं: उद्या नट गळून पडलाच, तरी बोल्ट आपल्या वजनानं भोकात बसून राहील. आपण नीट आवळलेल्या नटावरही भरवसा न ठेवता पुढची सोय करून ठेवणं, हे अविश्वासाचं नव्हे, अनुभवाचं लक्षण. उस्तादांना हा नियम तोंडपाठ निघाला. कुणी शिकवला विचारलं, तर म्हणाले, "एकदा ट्रॉली सुटली व्हती." पुढं विचारायची सोय त्यांनी ठेवली नाही.

मोजमापाचं हे वेड आमच्या तालुक्याला आता परकं राहिलेलं नाही. औंढा तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोचं काम सुरू आहे. केंद्र सरकारनं २०२३ साली २,६०० कोटींची मंजुरी दिलेली ही वेधशाळा. चार-चार किलोमीटरचे दोन हात, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक पडला, तरी तो टिपायचा. इकडं एका हाताला 'अर्धा आटा कमी-जास्त चालतो' म्हणणारे आम्ही आणि काही कोसांवर प्रोटॉन कापून मोजणारे ते. दोघांच्या नळाला पाणी मात्र बहुधा एकाच दिवशी येत नाही.

डोळ्यांच्या अंदाजावर किती विसंबावं, याची एक हकिकत उस्तादांना मी सांगून ठेवली आहे. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालेल्या विमानाची समोरची काच सतरा हजार फुटांवर निघून गेली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. विमानातल्या माणसांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकानं विमान साउदॅम्प्टनला उतरवलं आणि कॅप्टन जगला. त्याआधीच्या एका रात्रपाळीत ती काच बदलली होती. काचेला बोल्ट ९०. त्यांतले ८४ जाडीला किंचित कमी. जुना बोल्ट हातात धरून डब्यातून नजरेनं जुळवून काढलेले. त्यातही खुबी अशी, की आवळायला उभं राहायचा मचाण नीट जागेवर नव्हता, त्यामुळं अंग ताणून, दूरवर हात पोचवून काम करावं लागलं आणि बोल्टांची डोकी जागेवर किती खोल बसली, ते दिसलंच नाही. टॉर्कचा स्क्रूड्रायव्हर मात्र आज्ञाधारकपणे वाजत राहिला.

ऐकून उस्ताद बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माणूस वाईट नसणार त्यो. जागा वाईट व्हती."

मला हे बोलणं चौकशी अहवालाच्या तोडीचं वाटलं. माणसं कामचुकार म्हणून नट सैल राहतात, असं आपण सरसकट म्हणतो. खरं तर समोरचे दहा नट तोच माणूस जीव ओतून आवळतो. अकरावा मागं असतो. पाठीत कळ आलेली असते, बॅटरीचा उजेड मंद झालेला असतो, हातावर तेल ओघळत कोपरापर्यंत आलेलं असतं, आणि बाहेरून मालक विचारत असतो, "झालं का?" त्या वेळी तोंडातून जे 'झालं' निघतं, त्यात किती खरं आणि किती थकवा, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

म्हणून घरी विमान बांधणाऱ्यांच्या त्या अमेरिकी संघटनेनं एक चांगली प्रथा पाडली आहे. अनुभवी बांधणारे स्वतःहून दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याचं अर्धवट विमान बघतात. पैसे घेत नाहीत, परवाना देत नाहीत. नुसते बघतात आणि विचारतात, हा आवळला का? विचारणारा तिऱ्हाईत असला, की 'झालं' हा शब्द इतक्या सहज निघत नाही.

आमच्याकडं असं विचारायला कोण येतं? पैनगंगेपलीकडं, महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीत, वेल्डिंगचं काम करणाऱ्या एका तरुणानं स्वतःच्या हिकमतीवर हेलिकॉप्टर बांधलं होतं. २०२१च्या ऑगस्टमध्ये जमिनीवरच चाचणी चालू असताना पातं तुटून त्याचा जीव गेला. चोविशीतला पोरगा. त्या आठवड्यात सगळ्या पेपरांनी त्याचं कौतुकही केलं आणि हळहळही. गॅरेजात त्या दिवशी रेडिओ बंद होता. उस्ताद एवढंच म्हणाले, की त्याच्या शेजारी पाना घेऊन बसणारा एखादा म्हातारा पाहिजे होता. जुगाड जुगाड म्हणून टाळ्या वाजवणारे आपण सगळे तयार यंत्रासमोर उभे राहतो. यंत्र अर्धं असताना त्याच्याखाली शिरून बघायला कुणी जात नाही. गच्चीवरच्या विमानाला इतकी वर्षं कागदांनी छळलं, याचा मला अजूनही राग येतो. पण कागद मागणाऱ्यांपैकी एखादा जरी पाठीवर झोपून नट बघणारा असेल, तर त्याला माझा नमस्कार आहे.

तपासलेला नट ओळखायची विमानवाल्यांची युक्ती फार सोपी. नट ठरल्या बळानं आवळून झाला, की नट आणि खालचा पत्रा यांवरून एक रंगीत रेघ ओढायची. नट पुढं कधी जरासा जरी फिरला, तरी रेघ तुटते, आणि लांबून बॅटरी मारली तरी कळतं. हात पोचत नाही तिथं नजर पोचली, म्हणजे निम्मं काम झालं. शिवाय रेघ नाही, याचा अर्थ आवळलाच नाही. 'झालं' म्हणून वेळ मारून नेता येत नाही.

ही युक्ती उस्तादांना लागलीच पटली. टॉर्कच्या पान्याची किंमत ऐकून त्यांनी मान फिरवली होती, पण रेघेला काय लागतं? ऑइलपेंट वाळायला वेळ लागतो आणि ब्रश कडक होतो, हा अनुभव दोन दिवसांत आला. तेव्हा बारीक ब्रश झाकणातच असलेला आणि चटकन वाळणारा रंग कुठला, याचा विचार झाला आणि भाच्याला बाजारात नेलपॉलिश आणायला पिटाळलं. दुकानात दोन-तीन बाया बांगड्या भरत बसल्या होत्या. दुकानदारानं काचेवर चार बाटल्या मांडल्या आणि कुणासाठी पाहिजे, म्हणजे रंग सांगायला बरं, असं विचारलं. पोरगं कानापर्यंत तांबडं झालं, पण पळालं नाही.

"कोणताबी द्या," ते म्हणालं. "फकस्त लाल नको. ट्रॅक्टर लाल हाय."